उभ्याने राबणाऱ्यांचे पाय : हरसूलच्या मुलखातून पाहिलेला एका व्याधीचा इतिहास

हरसूलचा इतिहास म्हणून जे काही दप्तरांत आणि गॅझेटियरांत नमूद झाले आहे, ते बहुतांशी राजांचे, महसुलाचे आणि जंगलाचे आहे. नाशिकच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वरचा डोंगर मागे टाकून आणि तोरंगण घाटाची वळणे उतरून गेल्यावर जो मुलूख लागतो, जेथील पावसाचे पाणी गोदावरीला न मिळता दमणगंगेच्या खोऱ्याने पश्चिमसमुद्राकडे धाव घेते, तो पूर्वी पेठ संस्थानात मोडत असे. आणि पेठ व हरसूल या दोन भागांवर मूळच्या दळवी आणि पुढे इस्लाम स्वीकारलेल्या घराण्याचा अंमल चालत असे. १८५७ च्या डिसेंबरात त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला झाला, त्याच दिवसांत हरसूलचा बाजारही लुटला गेला, आणि या उठावात सामील असल्याच्या आरोपावरून संस्थानावर हक्क सांगणारे भगवंतराव ऊर्फ भाऊ राजे यांना त्यांच्या अनुयायांसह इंग्रजांनी फासावर चढविले. १८७८ मध्ये पेठच्या बेगमेचा अंत झाल्यावर संस्थान खालसा होऊन इंग्रजी अमलातील नाशिक जिल्ह्याचा एक भाग बनले. इतके सारे आपल्याला ठाऊक असते. ज्या कोकणा, महादेव कोळी, वारली आणि ठाकर माणसांच्या पायांवर हा मुलूख उभा होता, त्या पायांविषयी मात्र दप्तर काही बोलत नाही.

वास्तविक या प्रदेशाचा सारा व्यवहार पायांनी झाला आहे. पावसाळ्याचे चार महिने जेथे चाक फिरणे दुरापास्त, तेथे धान्य डोक्यावरून गेले, मीठ पाठीवरून आले, आणि अशा डोंगरी मुलखांत सर्वत्र चालत आलेल्या वेठीच्या प्रथेने अंमलदारांचे सामानसुमान एका गावच्या बिगाऱ्यांनी दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविले. ज्याने ओझे वाहिले त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, तर त्याच्या पोटरीवर उठलेल्या निळ्या, नागमोडी, गाठीगाठींच्या शिरा कोण लिहून ठेवणार? परंतु ज्या व्याधीला आज आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो, वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत जिला अपस्फीत नीला असे नाव मिळाले आहे, आणि खेड्यातला माणूस जिच्याविषयी ‘पायाच्या शिरा फुगल्या’ एवढेच सांगून गप्प बसतो, तिचा इतिहास म्हणजे मोठ्या अंशाने उभ्याने राबणाऱ्या माणसांचाच इतिहास आहे. त्याचा माग काढण्यास हरसूलसारखे ठिकाण मला मुंबई-पुण्यापेक्षा अधिक योग्य वाटते, कारण येथे ते राबणे अजून थांबलेले नाही.

ही गोष्ट प्राचीनांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. इसवी सनाच्या अकराव्या शतकात दिवंगत झालेला बुखाऱ्याकडचा थोर हकीम इब्न सिना, ज्याचा ‘कानून’ हा ग्रंथ पुढे शतकानुशतके हिंदुस्थानातील युनानी हकिमांच्या अभ्यासात राहिला, त्याने पायाच्या शिरा रुंदावण्याच्या या विकाराचे वर्णन करताना तो विशेषेकरून कोणाला होतो हे सांगितले आहे: पायी निरोप नेणारे जासूद, दूरचा रस्ता तुडवणारे वाटसरू, ओझी वाहणारे हमाल आणि राजांच्या समोर तिष्ठत उभे राहणारे सेवक. ही यादी वाचताना मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर आपल्याच दरबारांचे चित्र उभे राहते. मसनदीवर बसलेला धनी एक, आणि त्याच्या भोवती प्रहर-प्रहर न हलता उभे असणारे चोपदार, भालदार, हुजरे आणि खिजमतगार अनेक. बसण्याचा मान हा ज्या व्यवस्थेत सनदेने मिळत असे, तेथे उभे राहणे हे चाकरीचेच दुसरे रूप होते. त्यांच्या पायांचे काय झाले असेल हे इब्न सिनाच्या त्या एका वाक्यावरून कळते. पुढे १७०० साली इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या रोगांवर जो पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी त्याने स्वतंत्र प्रकरण घातले आणि त्यांच्या पायांवरील फुगलेल्या शिरांचा व न भरणाऱ्या जखमांचा उल्लेख केला. एक बुखाऱ्याचा, दुसरा इटलीचा. दोघांमध्ये सुमारे सात शतकांचे अंतर. तरी दोघांनीही रोग्याला त्याचे काम विचारले होते. आजच्या घाईच्या दवाखान्यात हा प्रश्न फारसा विचारला जात नाही, याची मला खंत वाटते.

उभे राहण्याने पायाचे काय होते हे ज्याला एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे असेल, त्याने हरसूलच्याच तालुक्याच्या गावी, त्र्यंबकेश्वरी, सिंहस्थात यावे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे बारा वर्षांनी एकदा येथे कुशावर्तावर शैव आखाड्यांची आणि नाशिकला रामकुंडावर वैष्णवांची स्नाने होतात, आणि त्या मेळ्यांत नाना व्रतांच्या साधूंमध्ये खडेश्वरी नावाने ओळखले जाणारे साधू भाविकांचे लक्ष वेधून घेतात. उभे राहण्याचे व्रत त्यांनी घेतलेले असते, आणि ते बहुधा बारा वर्षांचे असते. ते बसत नाहीत, आडवे होत नाहीत. वरून टांगलेल्या झोपाळ्यासारख्या फळीवर किंवा गादीवर छाती आणि हात टेकून, पाय जमिनीवर ठेवूनच ते झोप घेतात. त्यांच्या तपश्चर्येविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने पाहिले असता त्यांचे पाय हे या विषयाचे उघडे पुस्तक होय: गुडघ्याखाली सुजून खांबासारखे झालेले, घोट्यांभोवती काळवंडलेले, कातडी जाड आणि ताठ झालेली, आणि पुष्कळदा घोट्याच्या वर व्रण पडलेले. या विकाराच्या वाढत्या अवस्था म्हणून वैद्यकाची पुस्तके जी लक्षणे क्रमाने सांगतात, ती सर्व येथे एका देहावर दिसतात. ज्या त्र्यंबकेश्वरातून पौष वद्य एकादशीच्या यात्रेसाठी निवृत्तिनाथांच्या समाधीकडे आलेले वारकरी मैलोगणती चालून परत जातात, त्याच गावात हे न चालणारे तपस्वीही येतात. आणि दोघांचे पाय शेजारी ठेवून पाहिले तर चालणे आणि नुसते उभे राहणे यांत निसर्गाने केवढा भेद केला आहे हे समजते.

हा भेद समजून घेण्यासाठी शरीररचनेत थोडे शिरावे लागेल. हृदयाकडून रक्त खाली आणणाऱ्या रोहिण्यांच्या मागे हृदयाचा जोर असतो. पण पायातून रक्त वर नेणाऱ्या नीलांना तो जोर जवळजवळ उरलेला नसतो, आणि त्यांना तर पृथ्वीच्या आकर्षणाविरुद्ध हातभर-दोन हात नव्हे, घोट्यापासून छातीपर्यंतची सारी उंची चढावयाची असते. हे काम निसर्गाने दोन युक्त्यांनी साधले आहे. पहिली युक्ती पोटरीची: पाऊल टाकताना पोटरीचे स्नायू आकसतात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या खोल नीला पिळल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. दुसरी युक्ती झडपांची: नीलांच्या आत ठिकठिकाणी अतिशय पातळ, वरच्या दिशेनेच उघडणाऱ्या झडपा असतात, आणि वर गेलेले रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे नव्वद मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला, की झडपा शाबूत असल्यास काही पावलांतच तो तिसाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरतो. खडेश्वरीचा पाय आणि वारकऱ्याचा पाय यांतील अंतर ते हेच.

आता झडप निकामी झाली म्हणजे काय होते, हे हरसूलच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. डोंगरउतारावर एकाखाली एक अशी भाताची खाचरे असतात, आणि प्रत्येक बांध आपापल्या खाचराचे पाणी तोलून धरतो. वरचा एक बांध फुटला की दोन खाचरांचे पाणी खालच्या एका बांधावर येऊन पडते, तो ढासळतो, आणि मग त्याच्या खालचा. जांघेत, जेथे पायाच्या आतल्या बाजूने घोट्यापासून चढत आलेली लांब, उथळ नीला खोल नीलेला मिळते, तेथील झडप प्रथम निकामी व्हावी, तिच्यावरचा सारा भार खालच्या झडपेवर पडावा, आणि असे होता होता सगळी नीला गुडघ्याखाली फुगून, लांबून, वेडीवाकडी होऊन कातडीखाली गाठींच्या रूपाने उठावी, ही या रोगाची एक अत्यंत नेहमीची चाल आहे. पुष्कळ वेळा आरंभ नीलेच्या भिंतीच्या दुबळेपणातूनही होतो. भिंत सैल पडली, की झडपेची दोन पाती एकमेकांना भेटतच नाहीत.

मग हा दुबळेपणा येतो कोठून? येथे एकच कारण सांगून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आईबापांच्या पायांवर शिरा असतील तर मुलांच्या पायांवर त्या येण्याचा संभव वाढतो. वय वाढते तसा तो वाढतो. स्थूल देहात वाढतो. स्त्रीच्या बाबतीत प्रत्येक गर्भारपण हे नीलांची एक परीक्षाच असते, कारण त्या काळात अंगातील रक्त वाढते, गर्भ टिकवून धरणाऱ्या अंतःस्रावांनी नीलांच्या भिंती सैल होतात, आणि वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील नीलांवर पडतो; बाळंतपणानंतर फुगलेल्या शिरा कित्येकींच्या बऱ्याचशा उतरतात, पण एकामागून एक बाळंतपणे होत गेली तर त्या उतरावयाच्या राहतात. खोल नीलेत कधी रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर तिने झडपा जाळून टाकलेल्या असतात. दीर्घकाळ उभे राहणे हे यांपैकी प्रत्येक कारणाला खतपाणी घालते. जन्मतः घट्ट झडपांचा माणूस आयुष्यभर उभा राहूनही सुटतो, आणि दुबळ्या झडपांचा माणूस उभ्याच्या धंद्यात पडला की लवकर सापडतो. हा केवळ बायकांचा रोग आहे अशी जी समजूत सुशिक्षितांतही आढळते, तिला एडिंबरा शहरात झालेल्या एका मोठ्या पाहणीने १९९९ मध्ये धक्का दिला; तेथे मोठ्या नीला फुगलेल्यांचे प्रमाण पुरुषांत शेकडा ४० आणि स्त्रियांत शेकडा ३२ असे भरले. पुरुष दवाखान्यात कमी येतात, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या देशी वैद्यकाने या विकाराकडे कसे पाहिले, हा भाग मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारा वाटतो. सुश्रुताने ग्रंथींच्या निदानात सिराज ग्रंथीचे वर्णन केले आहे, आणि तिचे मूळ सांगताना दुर्बल माणसाने केलेल्या अतिश्रमाकडे बोट दाखविले आहे. अशा माणसाच्या शिरांच्या जाळ्यात वायू शिरून ते दाबतो, आखडतो आणि उंच, गोल गाठ निर्माण करतो, असे त्याचे प्रतिपादन. वायूची भाषा बाजूला ठेवली तर ‘दुबळे शरीर आणि श्रम’ ही जोडी आजच्या कारणमीमांसेशी किती जवळची आहे! वाग्भटाने नवी सिराग्रंथी असताना सहचराचे, म्हणजे आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कोरांटीचे, तेल प्यावयास सांगितले, वातहर पोटीस, बस्ती आणि सिराव्यध, म्हणजे शीर तोडून रक्त काढणे, सुचविले. याच वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, ज्याला आपण हेमाडपंत म्हणून ओळखतो, त्याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात पाश्चात्य वैद्यक शिकलेल्या डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी १८८० मध्ये मुंबईत मूळ ‘अष्टांगहृदय’ अरुणदत्ताच्या टीकेसह छापून काढले. महाराष्ट्रात ही विद्या पोथीतून छापील पुस्तकात आली ती अशा दोन्ही विद्या जाणणाऱ्या माणसाच्या हातून, हे आपण विसरू नये.

पण पोथी वैद्यांच्या घरी. खेड्यापाड्यांत रोग्याच्या पायाशी जो बसला तो वैदू, न्हावी, जराह किंवा गावचा भगत. सुश्रुताने रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही तीन साधने सांगितली होती. तो भोपळाच पुढे तुंबडीच्या रूपाने वैदूच्या झोळीत राहिला आणि बाजाराच्या गावांतून आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत फिरत होता. कोठे जळवा लावल्या, कोठे शीर तोडली, कोठे तापल्या लोखंडाचा डाग दिला. तुंबडीने ठणका काही काळ शमत असेल हे मी नाकारीत नाही, कारण तुंबलेले रक्त थोडे कमी झाले की ताण उतरतोच. परंतु ज्या झडपेतून रक्त उलटे येत होते ती तशीच राहिल्याने दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा भरला, आणि घोट्याजवळच्या आधीच उपाशी राहिलेल्या कातडीवर केलेला छेद किंवा दिलेला डाग कित्येकांच्या बाबतीत कायमच्या व्रणाचा आरंभ ठरला. या लोकांना अडाणी म्हणून हिणवणे मला मान्य नाही. दुसरे कोणी येत नव्हते तेव्हा ते येत होते. त्यांच्या हाती जे ज्ञान उतरले ते त्यांनी निष्ठेने वापरले. ज्ञानच अपुरे होते.

आणि ते अपुरे का राहिले, याची कथा विलक्षण आहे. पायाची शीर तोडावयाची असता गुडघ्याच्या खाली वस्त्र गुंडाळावे, किंवा जेथे छेद घ्यावयाचा त्याच्या चार अंगुळे वर पट्ट्याने बांधावे, असा सुश्रुताचा स्पष्ट विधी आहे. असे बांधले की शीर फुगते आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने बारीक गाठी उठून दिसतात. या गाठी म्हणजेच झडपांच्या जागा. आपल्या शल्यवैद्यांनी, जराहांनी आणि न्हाव्यांनी त्या हजारो वेळा पाहिल्या असल्या पाहिजेत. युरोपातही रक्त काढणाऱ्या न्हाव्यांनी त्या पाहिल्या होत्या, पण पाडुआचा शारीरशास्त्रज्ञ फाब्रिसियस याने या लहान दारांवर १६०३ मध्ये सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानेच शिकविलेल्या विल्यम हार्वीने बांधलेल्या दंडावरील अशाच एका शिरेवर बोट दाबून रक्त एकाच दिशेने जाते हे दाखविले व १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धांत जगापुढे ठेवला. म्हणजे ज्या पट्ट्याने आपल्या रोग्याचा पाय बांधला जात होता, तसल्याच पट्ट्याखाली या रोगाची किल्ली पडलेली होती. जो हात पट्टा बांधीत होता त्याला ग्रंथ लिहिता येत नव्हता, आणि जो ग्रंथ लिहीत होता त्याने पट्टा बांधावयाचे काम खालच्या मानलेल्या जातींवर सोपविले होते. आपल्याकडे विद्या आणि हात यांची ही जी फारकत झाली, तिची किंमत पायांनी मोजली असे माझे ठाम मत आहे.

युरोपातील उपचारांचा इतिहासही मोठा सुखाचा नाही. रोमन सेनापती मारियस याने बांधून न घेता, न हलता एका पायाच्या शिरा कापवून घेतल्या आणि यातना पाहता दुसरा पाय पुढे करण्यास नकार दिला, ही प्लूटार्कने सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. जर्मन शल्यवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लांब नीला मांडीतच बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया मांडली, तेव्हा प्रथम उपचार कारणाच्या जवळ गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी सबंध नीला तारेने ओढून काढण्याची रीत आली, आणि त्या शतकाच्या अगदी शेवटी कातडीला मोठा छेद न देता लेसरच्या किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने ती आतून बंद करण्याची. सोनोग्राफीच्या डॉप्लर तपासणीने रक्त कोणत्या झडपेतून उलटे येते हे आता डोळ्यांना दिसते. निकामी उथळ नीला काढून टाकली किंवा बंद केली तरी रक्त खोल नीलांतून वर जातच राहते, म्हणून तिच्या जाण्याने पायाचे नुकसान होत नाही. ही गोष्ट रोग्याला समजावून सांगितली की त्याची अर्धी भीती जाते.

हरसूलच्या मुलखात मात्र ही विद्या फार हळू पोहोचते. येथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण मोठ्या तपासणीसाठी आणि शस्त्रक्रियेसाठी माणसाला नाशिककडेच तोंड करावे लागते, आणि नाशिकला जाण्याचा दिवस हा मजुरी बुडाल्याचा दिवस असतो. दुसरीकडे पाय झिजण्याची कारणे वर्षभर हजर असतात. मृगाचा पाऊस लागला, राबाच्या जागेत रोपे उठली, चिखलणी झाली, की आवणीला सुरुवात होते, आणि मग बाया इरले पाठीवर घेऊन दिवसचा दिवस खाचरात वाकून उभ्या असतात. पाऊल चिखलात रुतलेले, घोटा आवळलेला, पोटरी आकसण्यास वाव नाही. चिखलाच्या गारव्याने शिरा फुगतात असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. अपाय गारव्यात नाही, न हलता उभे राहण्यात आहे. चैत्र-वैशाखात, जेथे पावसाळ्यात नद्या दुथडी वाहत होत्या त्याच मुलखात, दूरच्या विहिरीवरून भरलेले हंडे डोक्यावर घेऊन चढ चढावे लागतात, आणि पुष्कळदा ही बाई गर्भार असते. भात-नागलीचे दाणे संपले की कुटुंबेच्या कुटुंबे, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचे तर, ‘जगायला’ बाहेर पडतात: कोणी वीटभट्टीवर, कोणी इमारतीच्या कामावर, कोणी गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभे राहून द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांत. द्राक्षबागेतील कामे पाहिली असतील त्यांना ठाऊक आहे, की मांडवाखाली हात वर करून, मान मागे टाकून, एका वेलीशी बराच वेळ खिळून ती करावी लागतात. दरबारातील चोपदार गेले. त्यांच्या जागी आपण मळ्यातला मजूर, कापडदुकानातली विक्रेती, रस्त्यावरचा पोलीस, रुग्णालयातली परिचारिका आणि वर्गातला शिक्षक उभा केला आहे.

या माणसांना काही गोष्टी कोणीतरी सांगितल्याच पाहिजेत, म्हणून इतिहास बाजूला ठेवून त्या येथे लिहितो. संध्याकाळी पाय जड होणे, घोट्याशी सूज येणे, रात्री पोटऱ्यांत गोळे येणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. घोट्याच्या आतल्या बाजूस, थोडी वर, कातडी तपकिरी-काळी पडून खाज सुटू लागली तर व्रण जवळ आला असे समजावे, आणि तेथे बिब्बा, डाग किंवा कोणताही पाला लावून वेळ दवडू नये. तो व्रण औषधाच्या लेपापेक्षा वर बांधलेल्या घट्ट पट्टीने आणि पाय उंच ठेवण्याने भरतो, कारण त्याचे मूळ कातडीत नसून नीलेतील दाबात आहे. फुगलेली शीर खरचटून फुटली तर रक्ताची धार लागते आणि माणूस घाबरून उभाच राहतो. अशा वेळी त्याला ताबडतोब आडवे निजवावे, पाय छातीपेक्षा उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने त्या जागेवर दाबून ठेवावे, रक्त थांबते. केवळ उभा राहिल्याने यात माणसे दगावली आहेत. एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत वेदना आली तर खोल नीलेत गुठळी झाल्याचा संशय धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि एक सावधगिरी: आमच्याकडे बिडी ओढणारे पुष्कळ, आणि बिडीने पायांच्या रोहिण्या आखडून बंद पडण्याचा वेगळाच रोग होतो, त्यात चालताना पोटरी भरून येते, थांबल्यावर उतरते आणि बोटे थंड व काळी पडू लागतात. अशा पायाला घट्ट पट्टी किंवा दाबाचे मोजे बांधणे घातक आहे. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वी पावलावरची नाडी वैद्याकडून पाहून घ्यावी.

राहिला प्रश्न उभे राहण्याचाच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात, उभ्याने काम करावे लागणाऱ्या प्रत्येक कामगारासाठी, कामाच्या ओघात संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून, बसण्याची सोय मालकाने केली पाहिजे असे स्वच्छ लिहिले होते. कापडदुकानांतील स्त्रियांनी चळवळ केल्यानंतर केरळने २०१८ मध्ये आणि मग तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील नोकरांनाही हा हक्क दिला. ही दोन्ही उदाहरणे आपल्या राज्यकर्त्यांपुढे आहेत. पण शेत आणि द्राक्षमांडव कारखान्याच्या व्याख्येत येत नाहीत, आणि हरसूलहून गिरणाऱ्याला येणारी बाई तेथेच राबते. कायदा तिच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बागाईतदारांनी थांबण्याचे कारण नाही. मांडवाच्या टोकाला एक बाक टाकावा, दर दोन तासांनी मजुरांना काही मिनिटे पाय वर घेऊन बसू द्यावे, आणि त्या मिनिटांची मजुरी कापू नये. याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि खर्चही नाममात्र आहे. नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक बागाईतदाराने हे येत्या हंगामापासून सुरू करावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.